मानेचा पट्टा

लग्न होऊन या घरात आल्यापासून माझं कौतुक एकाच गोष्टीसाठी झालं. ही मान वर करत नाही. माझ्या मोठ्या नणंदबाई, त्यांना सगळे आक्का म्हणतात, त्या तर हे पाहुण्यांना दाखवून सांगायच्या. मी चहा घेऊन बाहेर आले की त्यांचं सुरू व्हायचं, "बघा, हाय का हिची नजर वर? अशी भावजय शोधून सापडायची नाय." पाहुणे माझ्याकडं बघायचे. मी त्यांच्या पायांकडं बघायचे, कारण मला तेवढंच दिसायचं. नात्यातल्या कित्येक माणसांचे चेहरे मला आजही नीट आठवत नाहीत, पण पाय सगळ्यांचे ओळखते. कुणाच्या अंगठ्याचं नख काळं, कुणाच्या टाचा फुटलेल्या, आणि मोठ्या रुबाबात बोलणाऱ्या कुणाचे मोजे महिनाभर धुतलेले नाहीत, हे मला सांगता येईल.

मी लाजाळू आहे हे खरंच आहे. चार माणसांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. चौथीपर्यंत शाळेत होते, तिथंही कविता पाठ असायची पण उभं केलं की ओठ हलायचे नाहीत. मात्र लाजणारं माणूससुद्धा कधीतरी वर बघतं. घरात कुणी नसताना बघतं, गच्चीवर कपडे वाळत घालताना बघतं. मला दोरीवर कपडा टाकायचा तर मागं झुकून आधी खांदा वर उचलावा लागायचा. सुरुवातीला मान लाजेनं खाली होती आणि पुढं दुखण्यानं. यातला फरक आमच्या घरात कुणाला कळला नाही. कळण्यासाठी विचारावं लागतं.

मान दुखायचं कारण फार शोधायला नको. माझं माहेर गंगापूरकडं, उसाचा भाग. शाळा सुटल्यावर जनावरांसाठी उसाच्या वाढ्याचे, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचे, भारे डोक्यावरून आणायचं काम माझ्याकडं होतं. लग्न होऊन शहरात आले तेव्हा वाटलं, सुटले. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. माझे मालक वाळूजच्या एका कंपनीत कामाला, आमची खोली वरच्या मजल्यावर, आणि नळ खाली गल्लीत. नळाला पाणी यायचं ते आठवड्यातून कधीतरी, आणि आलं की सगळं घर भरून ठेवायचं. एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर, आणि जिना असा अरुंद की वरून कुणी उतरत असलं तर हंडा डोक्यावर घेऊन तसंच भिंतीला चिकटून उभं राहायचं. मालकांची कंपनीत पाळी असायची, किंवा पाळी नसली की झोप असायची.

दुखणं मानेच्या मुळाशी सुरू व्हायचं, खांद्यात उतरायचं, आणि मग ओल्या लुगड्याला पीळ द्यावा तसं सगळ्या दंडातून पिळत अंगठ्यापर्यंत जायचं. मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "बघू." मालकांचा हा शब्द आमच्या घरात खांबासारखा आहे, त्याच्यावर सगळं घर उभं आहे. गळकं छत, मुलीची ॲडमिशन, माझी मान, सगळं त्यांनी "बघू" म्हणून ठेवून दिलेलं.

आक्का वैजापूरला दिल्या आहेत. महिन्यातून एकदा त्या औरंगपुऱ्याच्या बाजारात खरेदीला यायच्या आणि आमच्याकडं मुक्काम करायच्या. त्यांना माझं दुखणं कळलं तेव्हा त्यांनी ते ताब्यातच घेतलं. आधी कसलंसं काळं तेल आणलं, त्याच्या वासानं शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. मग बिब्बा घातला. मानेवर फोड आले, तर म्हणाल्या, "आतलं वाईट बाहेर पडायलंय." शेवटी मालकांसकट मला त्यांच्या गावाजवळच्या एका मान बसवणाऱ्याकडं नेलं. हा माणूस गोठ्यात बसायचा. त्यानं माझी हनुवटी एका हातात धरली, डोकं दुसऱ्या हातात, आणि "बाई, तुमचं गाव कोणतं?" असं विचारून मी तोंड उघडते तोवर एक हिसका दिला. माझ्या डोळ्यांपुढं पांढरं झालं. तो म्हणाला, "बसली." आक्का म्हणाल्या, "बसली." मालक म्हणाले, "बसली म्हणजे बरं झालं." तिघांनी मिळून चहा घेतला. मला बशी धरता येत नव्हती.

मला सरळ प्रश्न विचारला तो एकाच बाईनं, आमच्या खालच्या खोलीतल्या मुसलमान शेजारणीनं. त्यांना सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणते. त्यांचा माझा संबंध नळावरचा. एक दिवस हंडा भरताना म्हणाल्या, "बहन, तुम्हारे गर्दन कू क्या हुवा? इत्ते साल हो गए, तुम मेरे मूं कू देखेच नै." त्यांनी माझा हंडा उचलून वर नेला. त्या दिवशी मी पाण्यापाशी उभी राहून रडले, आणि रडताना तरी मान खाली असावी लागते म्हणून ते जमलं.

पुढं अंगठा आणि शेजारची बोटं मेल्यासारखी झाली. सुई हातातून पडली तर पडलेली कळायची नाही. पण सुई पडल्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. अडलं ते भाकरीपाशी. हाताखाली पीठ लागतंय की परात, हेच कळेना, तर भाकरी गोल कुठून यायची? एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेली. आक्का मुक्कामाला होत्या. त्यांनी भाकरी उचलून उजेडाकडं धरली.

"काय गं, ही भाकर हाय का नकाशा?"

मी खाली बघितलं.

"अरे बापू, हिच्या हाताला काय झालं? असलं खायलास तू?"

मालक म्हणाले, "दोन-तीन महिने झाले असंच आहे."

"अन् मग दवाखान्यात कामून नाय दाखवलं?"

माझी मान इतकी वर्षं दुखली, तिच्यासाठी घरात कुणी बसून बोललं नाही. भाकरी बिघडली तेव्हा बैठक बसली आणि ताट निघायच्या आत दवाखान्याचं ठरलंसुद्धा.

डॉक्टर मोठे होते, त्यांच्या भिंतीवर बरीच प्रमाणपत्रं होती. मी स्टुलावर, मालक खुर्चीवर, आक्का दुसऱ्या खुर्चीवर. बोलणं माझ्या डोक्यावरून चाललं होतं.

"पेशंट काय काम करतात?"

"घरीच असते," मालक म्हणाले.

"म्हणजे वजन उचलायचं काम नाही."

"नाही, नाही."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मला हंडे आठवले, पण हंडे म्हणजे काम हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं.

"मान अशी पुढं कधीपासून आहे?"

आक्का ताठ बसल्या. "लग्नापासून! आमच्याकडं सुना मान वर करून बोलत नायत, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग मला म्हणाले, "वर बघा बरं." मी बघितलं, जेवढं जमलं तेवढं. जेवढं जमलं ते त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत होतं.

एका बोगद्यासारख्या मशीनमध्ये घालून मानेचे फोटो काढले, ते आले तेव्हा त्यांनी ते उजेडावर लावून समजावून सांगितलं, अर्थात मालकांना. मानेच्या मणक्यांमध्ये गाद्या असतात. माझ्या दोन गाद्या झिजून मागं सरकल्या होत्या आणि हाताकडं जाणारी शीर त्यांच्याखाली चेंगरली होती. गाद्या काढायच्या, तिथं कमरेच्या हाडाचा तुकडा बसवायचा, वरून धातूची पट्टी आणि स्क्रू, म्हणजे मणके एकमेकांना जुळून एक होतील. थांबलात तर हात जाईल, म्हणाले. गेलेला परत येईलच असं नाही. पुढं पायांवरही येईल.

मालक म्हणाले, "बघू."

तेव्हा मी त्या खोलीत एकच वाक्य बोलले. "मला करायचं आहे." इतकं हळू बोलले की डॉक्टरांनी "काय?" विचारलं आणि मालकांनी सांगितलं, "ती म्हणते, करायचं आहे." त्यांचा आवाज माझ्यापेक्षा बरा येतो.

हे ऑपरेशन मानेच्या पुढून करतात. गळ्याला छेद देतात, अन्ननलिका बाजूला सारतात आणि आत मणक्यापर्यंत जातात. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, पण आमच्या माणसांना सांगणं आणि त्यांनी ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशन झालं, मी खोलीत आले, आणि जीप भरून माणसं बघायला आली. गळ्यावरचं बँडेज बघायला सगळे पुढं वाकले. मग एक चुलतदीर म्हणाले, "दुखत मागं होतं ना?"

"व्हय."

"मग कापलं पुढून?"

"तेच की!"

"चुकला. डॉक्टर चुकला. आता मागून पुन्हा कापावं लागंल."

"कागदावर सही घेतली असंल आधीच."

"घेतातच."

मला सांगता आलं असतं, पण घशातून थुंकीही उतरत नव्हती. ते माझ्या पलंगावर पायाकडच्या बाजूला बसले. माझी कमर, जिथलं हाड काढलं होतं, ती मानेपेक्षा जास्त दुखत होती आणि प्रत्येकजण बसला-उठला की गादी हलत होती. त्यांनी कांद्याच्या भावावर चर्चा केली, दवाखान्यातल्या चहाला नावं ठेवली, आणि माझ्यासाठी आणलेले पेढे, मला गिळता येत नाही म्हणून, आपसांत वाटून खाल्ले. जाताना प्रत्येकानं सांगितलं, "काळजी घे." घ्यायची कशी ते तेवढं कुणी सांगितलं नाही. ते डॉक्टरांनी सांगितलं: तीन महिने गळ्यात पट्टा, वजन उचलायचं नाही, मान पुढं वाकवायची नाही. हाड ओलं आहे, जुळू द्या. हललं तर पुन्हा उघडावं लागेल, आणि दुसऱ्या वेळी हाताचं सांगता येत नाही.

पण अंगठ्यात जीव आला होता. चादरीचा सुरकुतलेला काठ अंगठ्याखाली लागला, तो कळला. मी दिवसभर तोच काठ चाचपत पडले होते.

ऑपरेशननंतर माझा आवाज बसला होता. पुढून कापलं की आवाजाच्या शिरेला ताण बसतो, काही महिन्यांत येतो. आठवड्यानं टाके बघायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मालकांना विचारलं, "आवाजात काही फरक वाटतो का?"

मालकांनी विचार केला. "नाही. पहिल्यासारखाच आहे."

मी त्या आठवड्यात घरात एक शब्दही बोलले नव्हते. त्यांना पहिल्यासारखाच वाटला.

माझं करायला आलेल्या मुलीला तिच्या सासूनं मोजके दिवस सोडलं होतं, ती सासरी गेली. मग मालक खिचडी शिकले. एक दिवस केली आणि सगळ्या कंपनीला सांगितली. लोक घरी येऊन त्यांचं कौतुक करून जायचे, बायकोसाठी एवढं करणारा माणूस बघितला नाही म्हणायचे. खिचडीचं पाणी मात्र खाला भरत होत्या. खालांचं कौतुक करायला कुणी आलं नाही.

पट्टा म्हणजे प्लॅस्टिकचं एक कठीण कडं, हनुवटीखालून छातीपर्यंत. तो घातला की हनुवटी वरच राहायची. पहिले काही दिवस मला कपडे न घालता बाहेर आल्यासारखं वाटायचं. समोरचं माणूस सरळ समोरच दिसायचं. खालांचा चेहरा मी तेव्हा बघितला. त्यांच्या हनुवटीवर गोंदण आहे, हे इतकी वर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं.

आक्कांच्या मुलाचं लग्न त्याच तीन महिन्यांत निघालं. आक्का आमंत्रण द्यायला आल्या.

"मामीशिवाय नवरदेव बोहल्यावर चढतो का? यायचंच."

मालक म्हणाले, "येऊ की. फक्त तिला वाकता येणार नाही, आक्का. डॉक्टरनं सांगितलंय."

"वाकायचं म्हंजे? आमच्या मामांच्या पाया बी पडायची नाय का?"

आक्कांचे मामा म्हणजे त्यांचे सासरे. त्यांच्या घराची रीत अशी की लग्नात घरातल्या आणि नात्यातल्या सगळ्या बायका रांगेनं त्यांच्या पाया पडतात. नुसता हात लावलेला चालत नाही. गुडघ्यावर बसून कपाळ पायावर टेकायचं. लग्न झाल्यापासून मी त्या घरच्या प्रत्येक कार्यात ते कपाळ टेकलेलं आहे.

"हाड जुळायचंय," मालक म्हणाले.

"थोडंसं वाकल्यानं काय मोडतंय? देवळात नाय का वाकत माणसं? अन् तो पट्टा तेवढा काढून ठेव गं त्या दिवशी. शालूवर कसं दिसंल ते? फोटोत सगळ्या बायका एकीकडं अन् ही एकीकडं, जशी काय अपघातातून उचलून आणली."

मी मालकांकडं बघितलं. आता बघता येत होतं, पट्ट्यामुळं नजर तिथंच जात होती. त्यांनी माझी नजर चुकवली आणि म्हणाले, "बघू तिथं गेल्यावर."

मी पट्टा काढला नाही. आक्कांनी मग वैजापूरला पोहोचल्या पोहोचल्या माझा पदर डोक्यावरून असा ओढून घेतला की पट्टा त्यात झाकून जावा. झाकला नाहीच. पदराखाली कुणीतरी पाटी लपवून आणलीय असं दिसत होतं. बायका माझ्याकडं बघून कुजबुजत होत्या. एकीनं विचारलं, "हीच का ती, चुकीच्या बाजूनं कापलेली?"

मंगल कार्यालयाच्या दाराशी आक्कांचे सासरे खुर्ची टाकून बसले होते. एके काळी गावचे पोलीस पाटील. चपला काढलेल्या, दोन्ही पाय एका पाटावर ठेवलेले, धोतर घोट्याच्या वर. रांग सरकत होती. बायका बसत होत्या, कपाळ टेकत होत्या, उठून पदर सावरत होत्या. म्हातारबाबा हात वर धरून बसले होते, प्रत्येक डोक्यासाठी तो पुन्हा उचलायचे कष्ट नकोत म्हणून असेल. पळून जावं असं वाटत होतं, पण पुढं बायका आणि मागंही बायका. मी रांगेतच उजव्या अंगठ्यानं पदराचा काठ चाचपला. जरीची तार लागत होती.

माझी पाळी आली. मी उभ्यानंच हात जोडले.

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलंच नाही. ते खाली बघत होते, माझं डोकं तिथं कधी येतंय याची वाट बघत. मला पट्ट्यामुळं ते पाय दिसत नव्हते. मी त्या माणसाचा चेहरा पहिल्यांदा बघितला. डाव्या भुवईत एक चामखीळ, खालचा ओठ लोंबलेला, आणि डोळ्यांत चिपडं. पाय मी किती वर्षांपासून ओळखत होते, आणि त्यांच्यावरून मी वर काहीतरी फार मोठं असेल असं धरून चालले होते. वर हा एवढाच चेहरा होता.

डोकं येईना म्हणून त्यांनी पाय आणखी पुढं सरकवले. पाट कुरकुरला.

"अगं, वाक की!" आक्का माझ्या मागं आल्या होत्या. "रांग थांबली सगळी."

मी हात जोडलेलेच ठेवले.

"लाजती ती," आक्का म्हाताऱ्याला म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या मानेवर, पदरावरून, हात ठेवला. पट्ट्याच्या मागच्या कडेवर त्यांची बोटं आली आणि त्यांनी दाबलं. लहान पोराला देवापुढं वाकवतात तसं. पट्ट्याची पुढची कड गळ्यात रुतली आणि आत, जिथं पट्टी-स्क्रू आहेत तिथं, मला एक कळ गेली.

"हात काढा."

हे मी बोलले. माझा बसलेला आवाज ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मोठ्यानं निघाला होता, आणि तो घोगरा, जाडा, एखाद्या पहिलवानाचा असावा तसा निघाला. वाजंत्रीवाले तेव्हा चहा पीत होते, त्यामुळं सगळ्या कार्यालयानं ऐकला. आक्कांचा हात तसाच होता, त्यांना वाटलं मागून कुणी पुरुष बोलला.

"हात काढा, आक्का. हाड ओलं आहे. मोडलं तर माझा हात जाईल. मी वाकणार नाही."

आक्कांनी हात काढला. म्हातारबाबांनी मान वर केली. त्यांनीही मला पहिल्यांदाच बघितलं असावं, कारण ते शेजारच्यांना म्हणाले, "ही कोन हाय?"

"मामी हाय नवरदेवाची," कुणीतरी म्हणालं.

"आपल्या नवरदेवाची? कवापासून?"

माझं कपाळ त्यांच्या पायावर किती वेळा टेकलं असेल, आणि त्यांना मी कवापासून हे माहीत नव्हतं. मला भीती वाटत होती, तरी हसू आलं. पट्ट्यात हसता येत नाही, नाकातून काहीतरी आवाज आला, तो आणखी वाईट.

मालक आहेराची पिशवी धरून खांबापाशी उभे होते. ते काही बोलणाऱ्यातले नाहीत. ते आले, रांगेतून मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "चल, खुर्ची बघू तुला." मी जेवले नाही. सगळा वेळ अंगठा बोटांवर घासत बसले होते. लागतोय का, अजून लागतोय का. परतीच्या जीपमध्ये प्रत्येक खड्ड्याला जीव मुठीत धरला. गंगापूरचा फाटा मागं पडल्यावर मालकांनी विचारलं, "दुखतंय का?"

या प्रश्नाची मी किती वर्षं वाट बघितली होती. आला तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मी म्हटलं, "उद्या मानेचा फोटो काढायचा."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी मालकांकडं बघून विचारलं, "वाकल्या होत्या का?" मालकांनी माझ्याकडं बोट केलं. म्हणाले, "तिलाच विचारा." डॉक्टरांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, जसं काही खोलीत एक माणूस नव्यानं आलं. मी त्या पहिलवानी आवाजात सांगितलं, "वाकले नाही. दाबलं होतं."

"कुणी?"

"घरच्यांनी."

फोटो उजेडावर लावला. पट्टी जागेवर, स्क्रू जागेवर, आणि मणक्यांच्या मधे नवं हाड धुक्यासारखं धरू लागलेलं. ते बोट ठेवून त्यांनी मला दाखवलं, मालकांना नाही. मी अंगठा बोटांवर घासायचं थांबवलं.

वैजापूरकडं वेगळंच पसरलं. डॉक्टरनं आधी चुकीच्या बाजूनं कापलं, हे तर होतंच. आता त्यात भर पडली की कापताना लाजेची शीर तुटली. आक्कांनीच हे काढलं असणार, त्यांना बरं सुचतं. "पहिली कशी गाय होती," त्या म्हणतात, "त्या डॉक्टरनं बिघडवली." एक चुलतजाऊबाई तर मला गुपचूप विचारून गेल्या, "त्याच डॉक्टरकडं मला बी दाखवता येईल का? माझी बी मान दुखती." मी पत्ता दिला.

लाज कुठंही गेलेली नाही. हाड जुळलं, पट्टा सुटला, आणि काही महिन्यांनी आवाजही परत आला, तोच बारीक, समोरच्याला "काय?" म्हणायला लावणारा. भाकरी गोल होते. अंगठ्याचं टोक मात्र अजून बधिर आहे, ते तसंच राहील म्हणाले. आणि मान सरळ आहे, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटतेच. तो आवाज होता तेव्हा आणखी चार वाक्यं बोलून घ्यायला हवी होती, असं कधी कधी वाटतं.

म्हणून पट्टा मी टाकला नाही. दाराच्या मागच्या खिळ्याला आहे. वैजापूरला कार्य निघालं की आहेराच्या आधी तो पिशवीत जातो, आणि गाव आलं की मी तो गळ्यात घालते. मग कुणी वाकायला सांगत नाही. बायका बाजूला होऊन खुर्ची देतात. म्हातारबाबा मला बघितलं की पाय खुर्चीखाली घेतात.

मागच्या कार्याला निघताना मालकांनी मला तो खिळ्यावरून काढताना बघितलं. म्हणाले, "हाड जुळून इतकी वर्षं झाली. आता हे कुठवर चालवायचं?"

मी पट्टा पुसून पिशवीत ठेवला आणि म्हटलं, "बघू."